नरूकाकांच्या गॉगलवरची वाफ

या मंडळी, असे पुढे सरकून बसा. तिकडे खांबाला टेकलात तर ऐकू कमी येईल आणि झोप जास्त. सतरंजीवर पुष्कळ जागा आहे, लेकरांना मांडीवर घ्या, फोन गप्प करा. आज एक आख्यान सांगतो. पुराणातलं नव्हे, ते अजून घडायचं आहे. दहा-पंधरा वर्षांनी घडेल. पण कीर्तनात युगायुगांची माणसं एका सतरंजीवर येऊन बसतात, कोणी कोणाला जन्मसाल विचारत नाही. तेव्हा उद्याची गोष्ट आज ऐकली तर बिघडलं काय? गोष्ट आहे एका गॉगलची आणि एका ताटाची. हसू आलं तर हसा. शेवटी मी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, तेवढ्यासाठी जागे राहा.

कृष्णेच्या काठी कवठसर नावाचं गाव. मार्गशीर्षात तिथे उत्सव असतो. सात दिवस कीर्तन आणि आठव्या दिवशी सकाळी काल्याचं. आता तिथली रीत अशी की काला कालवायचा अलीकडच्या काठावर, विठ्ठलाच्या ओवरीत. आणि काल्याचं कीर्तन पलीकडच्या काठावर, गोपाळकृष्णाच्या देवळात. मधे नदी. घराघरातून मूठमूठ लाह्या, पोहे, वाटीभर दही, लिंबाच्या लोणच्याची फोड असं काय काय यायचं, ते सगळं एका तांब्याच्या घागरीत एक व्हायचं. घागरीला दोन वाळलेले भोपळे बांधून सांगड करायची आणि एका माणसाने ती ढकलत पोहत पैलतीरी न्यायची. दुसऱ्या कोणी सांगडीला हात लावायचा नाही. गोपाळ यमुनेत पोहायचे, म्हणून काला पाण्यातूनच. एक पूल झाला, त्याच्या शेजारी दुसरा झाला, तरी काला पाण्यातूनच.

हा मान नरहरी कुंभोजकर यांचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, अंगाने शेवग्याच्या शेंगेसारखे, गावाचे नरूकाका. पोहण्यात मासा आणि कीर्तनात पहिल्या रांगेत. बुवांनी गोपाळांच्या शिदोऱ्यांचं वर्णन लावलं, की काकांच्या डोळ्यांतून धारा लागायच्या. माणूस लाखात एक. फक्त एक खोड. काकांना उष्टं चालत नसे.

म्हणजे किती चालत नसे? चहाच्या टपरीवर स्वतःचा पेला घेऊन जाणारा कवठसरातला हा एकटा इसम. यात जातपात नव्हती बरं का. भेदभाव म्हणायचा तर तो अख्ख्या मानवजातीशी सारखाच होता. घरात त्यांचा तांब्या वेगळा, वाटी वेगळी, चमचा खिशात. लग्नात घास भरवायची वेळ आली तेव्हा नवरीचे ओठ बोटांना लागतील म्हणून त्यांनी वीतभर अंतरावरून जिलबी टाकली होती. ती वेणूकाकूंच्या नथीत अडकली. ते फोटो अजून आहेत.

तर गेल्या उत्सवात घोटाळा झाला. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं, "नदीचं पाणी डोळ्यांत जाता कामा नये. पोहायचंच असेल तर गॉगल." काकूंनी त्यावर देवाची शपथ घालून ठेवली. काका गॉगल लावून उतरले आणि नदीच्या मध्यात काचांना वाफ धरली. दूध ओतल्यासारखं सगळं पांढरं. काका अंदाजाने पोहत राहिले आणि भलत्याच ठिकाणी, म्हशींच्या घाटावर लागले. पलीकडे आरगकर बुवा काल्याची वाट पाहत एकच चरण आळवत उभे. आळवून आळवून झांजवाल्यांच्या मनगटांना गोळे आले. आणि इकडे काला म्हशींनी खाल्ला. लोणच्याच्या फोडीसकट.

देवस्थानचे अध्यक्ष मगदूम यंदा घरी आले. मोठ्या अदबीने बसले, पाणी प्याले, मग म्हणाले, "काका, राग मानू नका. पर यंदा बी म्हशींच्या घाटावर लागला, तर फुडच्या वर्साला काला ड्रोननं जाईल. पोरं मागंच लागल्यात."

"ड्रोन?" काका ताडकन उठले. "तो आंघोळ करून येतो का?"

"आता यंत्राला कसली आंघोळ वो?"

"मग त्याला सोवळं कोण नेसवणार? तू?"

मगदूम गेले. काका मात्र तसेच उभे राहिले. आजोबांनी नेला, वडिलांनी नेला, तो काला आता भिरभिरणाऱ्या पंख्याच्या पोटाला लोंबकळत जाणार, या विचाराने त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

काकांची पुतणी मैथिली पुण्याला सूक्ष्मजीवांच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने फोनवर समजावलं ते तुम्हालाही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

चेहऱ्याजवळची हवा उबदार आणि दमट. काचेच्या बाहेर मार्गशीर्षातलं गार पाणी. त्या गार काचेला आतली वाफ टेकली की तिचं पाणी होतं, पण ते सपाट पसरत नाही. बारीक बारीक लाखो थेंब होऊन बसतं. प्रत्येक थेंब उजेडाला आपल्याला हवा तिकडे वळवतो, म्हणून सगळं पांढरं. थेंब मोडून पाण्याचा एकसंध पातळ पापुद्रा केला, की काच पुन्हा आरपार. पट्टीचे पोहणारे म्हणून काचेच्या आत थुंकतात, बोट फिरवतात आणि विसळतात. थुंकीतले चिकट पदार्थ थेंबांना गोळा होऊ देत नाहीत, पसरवतात. फक्त ते धुऊन जातात.

"आम्ही काय केलंय काका," मैथिली म्हणाली, "काचेवर जिवंत थर वाढवलाय. तोंडातलेच गरीब स्वभावाचे जिवाणू काचेवर वस्तीला ठेवायचे. ते तो चिकट पदार्थ सतत पाझरत राहतात. पाण्यात उतरण्याआधी मालकाने थुंकीचा एक थेंब लावायचा, तेच त्यांचं जेवण. पण ही वस्ती मालक ओळखते. प्रत्येकाच्या तोंडात शेकडो जातींचे जिवाणू असतात, प्रत्येकाचं कडबोळं निराळं. ओळखीची थुंकी आली तर काम चालू. अनोळखी आली, तर संप."

"मग मी काय करू?"

"नळी पाठवते. त्यात थुंका आणि कुरियरने परत पाठवा. थर वाढायला तीन महिने लागतात, तेव्हा लगेच."

नळी आली. काकांनी ती चिमट्याने उचलून माळ्यावर ठेवली. "थुंकी पार्सल करायची? वर पत्ता माझा? त्या कुरियरवाल्याला मी तोंड कसं दाखवू?"

आठवडा गेला. नळी माळ्यावर आणि काका ओवरीत. शेवटी वेणूकाकूंनी स्टूल घेतलं, नळी काढली, दार लोटलं, नळी भरली आणि पाठवून दिली. पोरीचं काम अडायला नको, आणि थुंकी ती थुंकी, तिच्यावर काय नाव लिहिलेलं असतं!

उत्सवाला महिना उरला असताना गॉगल आला. काकांनी मनात देवाची क्षमा मागून, डोळे मिटून काचेवर स्वतःच्या थुंकीचा थेंब लावला. स्वतःचं उष्टं त्यांना एवढ्यापुरतं चाललं. गॉगल चढवून नदीत उतरले आणि चार हात मारतात तोच पुन्हा सगळं पांढरं. काठावर येऊन त्यांनी तो काकूंच्या हातात आपटला. "घे. पुण्याचं विज्ञान."

काकूंनी गमतीने थेंब लावला, पायरीवर बसून पाण्यात तोंड बुडवलं आणि ओरडल्या, "अगंबाई! तळाचे गोटे मोजता येताहेत!"

काका बघत राहिले. काकूंनी जीभ चावली. मग सगळं बाहेर आलं.

फोनच्या पडद्यावर मैथिली आधी पोट धरून हसली आणि मग तिने कपाळावर हात मारला. "नवा थर वाढवायला आता वेळ नाही काका. साधा उपाय सांगू? पोहण्याआधी काकूलाच थुंकायला सांगा. एक थेंब नदी ओलांडण्यापुरता पुरतो."

"बायकोची थुंकी तोंडावर बांधून देवाला जाऊ? सगळ्या गावासमोर?"

"मग दुसरा उपाय. एका ताटात जेवणाऱ्यांची तोंडं आतून हळूहळू सारखी होतात, हे आम्ही रोज मोजतो. महिनाभर काकूच्या ताटात जेवा. तिच्या पेल्यातलं पाणी प्या. तुमच्या तोंडात तिची वस्ती झाली, की गॉगल तुम्हाला ओळखेल. पण खरं सांगू का, इतकी वर्षं एका घरात राहून काकूचा थर तुम्हाला जराही ओळखत नाही, असं तोंड मी पाहिलेलं नाही. जगाशी काही देणंघेणंच नाही. बेट आहे ते, बेट!"

काकांनी रात्रभर विचार केला. खाल्लेलं पोटात जातं, कोणाला दिसत नाही; थुंकी मात्र तोंडावर मिरवावी लागते. शिवाय पंख्यापेक्षा बायको बरी. सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "अगं, आजपासून... म्हणजे कारणापुरतं... तुझ्या ताटात."

काकूंनी पोळी उलटली. "कारणापुरतं?"

"देवाच्या कारणापुरतं."

"बसा मग. आणि तो खिशातला चमचा तिकडे ठेवा."

पहिला घास काकांनी औषधासारखा गिळला. दुसऱ्या घासाला ते थांबले. काकूंच्या पानात एका कडेला हिरव्या मिरचीचा ठेचा होता, लसणीचा, खरपूस, वर कच्च्या तेलाची धार.

"हे काय आहे?"

"ठेचा."

"हा रोज असतो?"

"रोज."

"आणि मला इतकी वर्षं ती अळणी आमटी?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणालात, मला तिखट सोसत नाही."

"अगं, तेव्हा मी लाजलो होतो!" काकांचा आवाज चढला. "नवीन माणसापुढे अजून वाढा कसं म्हणायचं? आणि तू तेच धरून बसलीस?"

"मग नंतर एकदा तरी माझ्या ताटात डोकावायचं होतं!"

त्या दिवशी ठेच्यावरून भांडण झालं. काकांनी काकूंचा अर्धा ठेचा संपवला, काकूंनी वाटी ओढून घेतली, काकांनी परत ओढली. शेजारच्यांना वाटलं आता वेगळं निघणार. आणि इकडे दुसऱ्या आठवड्यात गॉगलच्या कडा निवळल्या, तिसऱ्यात मधलं धुकं विरळ झालं, चौथ्यात काकांना काठावरून पलीकडचा कळस दिसायला लागला.

एव्हाना मैथिलीच्या प्रयोगशाळेचे गॉगल बाजारात आले होते आणि तालुक्याच्या तरणतलावावर हाहाकार उडाला होता. एक सासू-सून होत्या, त्यांची भांडणं तीन गल्ल्यांत ऐकू यायची. एकदा घाईत सुनेने सासूचा गॉगल लावला आणि काच लख्ख! दुपारी दारं लावून दोघी एका बशीतून चहा पितात, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं आणि दोघींना तोंड दाखवायला जागा उरली नाही. साखर कारखान्याच्या निवडणुकीतल्या दोन पॅनेलप्रमुखांचे गॉगल अदलाबदल झाले. दोघेही शेवटच्या टोकापर्यंत सरळ रेषेत पोहत गेले. मतदारांनी काय समजायचं ते समजून घेतलं. मुली बघायला येणारे पत्रिका बाजूला ठेवून गॉगल मागू लागले, तेव्हा मैथिलीला पत्रक काढावं लागलं: "ही वस्तू फक्त पोहण्यासाठी आहे."

असो. उत्सव आला. सात दिवस कीर्तनं रंगली आणि काल्याची सकाळ उजाडली.

काका पहाटे उठले. आंघोळ झाली, सोवळं नेसले आणि देवापुढे हात जोडताना त्यांच्या मनात आलं, महिनाभर या तोंडाने उष्टं खाल्लं. त्याच तोंडाने आता देवाचा काला न्यायचा? मन खाऊ लागलं. काका मोरीत गेले. तुरटीच्या पाण्याने चूळ भरली. मग कापराच्या. मग मीठ-हळदीच्या. तरी समाधान होईना, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी दिलेलं ते निळं जालीम औषध घेतलं आणि बाटली रिकामी होईपर्यंत गुळण्या केल्या. एक महिन्याचा संसार त्यांनी मोरीत ओतला आणि प्रसन्न मनाने नदीवर गेले.

दोन्ही काठांवर माणसंच माणसं. मगदूमांच्या पोरांनी ड्रोन उडवला होता, "नुसतं चित्र घ्यायला, काका"; पलीकडे देवळासमोरच्या मोठ्या पडद्यावर सगळं दिसत होतं. सांगडीच्या सोबतीला सखू आंबीची बॅटरीवरची होडी, तिच्यात वेणूकाकू. काकांनी काचेवर थेंब लावला, गॉगल चढवला, घागरीला नमस्कार केला आणि पाण्यात उतरले.

नदीच्या मध्यावर काचांना वाफ धरली.

"डावीकडं वो काका, डावीकडं!" सखू ओरडली. तेवढ्यात दोन्ही काठांवरून सल्ले सुरू झाले. अलीकडच्यांचं डावं ते पलीकडच्यांचं उजवं. वर झांजा, वर कर्णे. काका गोल फिरले आणि सांगडीचं तोंड सरळ म्हशींच्या घाटाकडे वळलं. म्हशींनी माना वर केल्या.

"मावशी, म्हशी वळखाय लागल्या त्यास्नी!" सखूने होडी जवळ घेतली.

काकूंनी वाकून पाहिलं आणि नाक उडवलं. "हा कापराचा वास कसला?"

"चूळ भरली," काका सांगड धरून धापा टाकत म्हणाले.

"नुसत्या कापराची?"

"तुरटीची. आणि ते... निळं औषध."

"किती?"

"सगळं."

झांजा वाजत होत्या, पाणी होडीला लागून डुबुक डुबुक करत होतं, आणि काकू आपला ओला पदर पिळत बसल्या. मग म्हणाल्या, "महिनाभर माझ्या पानातला घास खाल्लात. मला वाटलं, गोड लागतोय. तुम्हाला तो धुऊन टाकायचा होता होय? मग जा, म्हशी वाट बघताहेत."

काकांना काही दिसत नव्हतं. गॉगल उतरवला, तर शपथेप्रमाणे डोळे मिटायलाच हवेत. पुढे म्हशी, डोक्यावर ड्रोन घोंघावतोय. आणि पलीकडून कर्ण्यावर आरगकर बुवांचा आवाज यायला लागला. बुवांनी पडद्यावर सारं पाहिलं होतं. त्यांनी ठरलेला अभंग सोडला आणि साध्या बोलण्यात सुरुवात केली: "गोपाळ म्हणाले, देवा, ही भाकरी आम्ही चावून पाहिली, कडू तर नाही ना म्हणून. आता उष्टी झाली, तुला कशी द्यायची? देव म्हणाला, चावलेलीच दे. तुम्ही माझ्यासाठी आधी चाखलीत, तिच्याहून गोड काय असणार?"

हे काकांनी शंभरदा ऐकलं होतं. शंभरदा रडले होते. आणि रडून घरी जाऊन, स्वतःच्या वेगळ्या तांब्यातलं पाणी प्याले होते.

काकांनी डोळे घट्ट मिटले. एका हाताने सांगड धरली, दुसऱ्याने गॉगल काढला आणि आवाजाच्या रोखाने वर धरला.

"वेणू," ते म्हणाले. चारचौघांत त्यांनी तिला नावाने कधी हाक मारली नव्हती. "घे. थुंक."

"अहो! वर तो ड्रोन आहे. सगळा गाव बघतोय."

"बघू दे. देवाला चाललं, मी कोण लागून गेलो? थुंक म्हणतो ना!"

काकूंनी गॉगल घेतला. बाळाची दृष्ट काढताना करतात तसं थू थू थू केलं, बोटाने दोन्ही काचा पुसल्या, कृष्णेत विसळल्या आणि वाकून स्वतःच्या हाताने काकांच्या डोळ्यांवर चढवल्या. पट्टा कानामागे नीट बसवला.

काकांनी डोळे उघडले. समोर देऊळ नव्हतं. होडीच्या कडेवरून वाकलेला काकूंचा चेहरा होता, इतक्या जवळ की नथीतला लाल खडाही स्पष्ट दिसत होता. काकांनी तो जरा जास्त वेळ पाहिला. सखू खाकरली. "काका, देऊळ तिकडं हाय."

मग ते असे सुटले, की सखूला होडी पळवावी लागली. सांगड सरळ रेषेत गोपाळकृष्णाच्या पायरीला लागली. सात दिवसांत वाजल्या नव्हत्या तशा झांजा वाजल्या. म्हशी बिचाऱ्या मान खाली घालून चरायला लागल्या.

नैवेद्य झाला, कीर्तन झालं, बुवांनी घागर फोडायच्या थाटात हात घालून काला वाटायला घेतला. काकांनी पहिली मूठ घेतली आणि भर मंडपात काकूंच्या तोंडासमोर धरली. बोटं ओठांना लागली. या वेळी घास नथीत अडकला नाही. काकूंनी अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा काकांनी तिथेच, सगळ्यांदेखत, स्वतःच्या तोंडात घातला आणि म्हणाले, "यात ठेचा हवा होता."

ड्रोनचं काय झालं विचाराल, तर तो गावाने घेतला. काल्याच्या दिवशी म्हशींच्या घाटावर तो घिरट्या घालतो आणि त्यांना लांब ठेवतो. आंघोळ न करता जमण्यासारखं तेवढंच काम होतं. नवा गॉगल मैथिलीने पाठवू म्हटलं, तर काकांनी नको सांगितलं. दर वर्षी पाण्यात उतरण्याआधी ते काकूंपुढे काच धरतात. दोन्ही काठ त्या क्षणाला टाळ्या वाजवतात, आणि काकू दर वर्षी लाजतात.

आख्यान संपलं. आता ते मागणं. तुम्ही, तुमची मुलंबाळं कधी ना कधी पोहायला जाल, काचेला वाफ धरेल, आणि कोणी बघत नाहीसं पाहून काचेत थुंकाल. थुंका. पण बोट फिरवताना एकदा त्या वेणूबाईंची आठवण काढा, ज्यांनी स्टुलावर चढून माळ्यावरची नळी काढली होती. आणि घरी गेल्यावर जेवायला बसाल, तेव्हा शेजारच्या ताटात जरा डोकावा. ठेचा असला तर मागून घ्या.